सव्य ओळ

२ फेब्रुवारी

आज चाळीस ससे आले आणि त्यांच्याबरोबर एकेचाळीस नोंदवह्या. ही एकेचाळिसावी. प्रत्येक पानावर क्रमांक, वजन, आहार आणि शेरा असे चार रकाने छापलेले आहेत. माझ्या बाबतीत पहिले तीन कोरे राहिलेलेच बरे. शेऱ्यात मावेल तेवढं स्वतःचं लिहावं म्हणतो.

संस्थेत माझं काम शब्दांचं. मोठ्या बाई प्रयोगाचा आराखडा करतात. तो मी प्राणीगृहातल्या माणसांना कळेल अशा भाषेत उतरवतो, रोजच्या नोंदी ठेवतो आणि संस्थेच्या मासिक वार्तापत्रात त्यावर दोन पानं लिहितो. संस्कृत घेऊन एम. ए. झालेल्या माणसाला सशांच्या घरात नोकरी कशी मिळाली, हे मुलाखत घेणाऱ्यांनाही आता आठवत नाही. सगळे मला शास्त्री म्हणतात. त्यात आदर किती आणि चेष्टा किती, याचा हिशेब मी सोडून दिला आहे.

प्रयोग असा. सशांना सहा आठवडे चरबी घातलेलं खाद्य द्यायचं. माणसाच्या रक्तवाहिन्यांत जो गाळ साचायला चाळीस-पन्नास वर्षं लागतात, तो सशाच्या वाहिन्यांत तेवढ्यात साचतो. मग बारा आठवडे निम्म्यांना खाद्यातून नवं औषध, निम्म्यांना नुसतंच खाद्य. शेवटी सगळे मारायचे, मुख्य धमनी उघडायची आणि गाळ कुणात कमी ते बघायचं.

मी बाईंना विचारलं, "वाचतील त्यांचं काय करायचं?"

"कुणी वाचत नाही," बाई म्हणाल्या. "आपण वाचतो. आकडे."

बाईंना विनोद करायची सवय नाही, त्यामुळे हा नक्की काय होता ते कळलं नाही.

९ फेब्रुवारी

खोली लांबट आहे. दारातून आत गेलं की डाव्या हाताला एक ते वीस पिंजरे, उजव्या हाताला एकवीस ते चाळीस. उजव्या भिंतीला खिडक्या, डाव्या भिंतीला नळ. मधल्या वाटेवर मामांचं राज्य. मामा म्हणजे प्राणीगृहाचे रखवालदार, आचारी आणि सुईण. त्यांना सगळेच मामा म्हणतात, बाईसुद्धा, आणि बाई त्यांच्यापेक्षा मोठ्या असाव्यात.

सात नंबरचा ससा आठवडाभर तेवढाच खातो आणि वजनात एक ग्रॅमही हलत नाही. मी त्याचं नाव अव्यय ठेवलं. मामांनी दुपारपर्यंत त्याचं आव्या केलं.

संध्याकाळी ताईबरोबर फिरायला. ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो. तेव्हापासून तिने मला वाढवलं, शाळेत शिकवून घर चालवलं, लग्न केलं नाही. मी करून पाहिलं, ते टिकलं नाही. आता दोघं एका घरात राहतो आणि कोण कोणाला सांभाळतं यावर वाद घालतो. हल्ली तिला दुकानांच्या काचा पाहायचा नाद लागला आहे. चष्म्याच्या दुकानाशी थांबली, छत्र्यांच्या दुकानाशी थांबली, आज तर पुरुषांच्या बुटांपाशी पाच मिनिटं उभी होती. म्हटलं, "कुणासाठी बघतेयस?" म्हणाली, "तुला काय करायचंय? आहे एक जण." वाकून पोटरी चोळत होती. या वयात बाईमाणसाला बाजाराची ओढ लागते, असं वार्तापत्रात लिहायला हवं.

२६ फेब्रुवारी

आज ताई चार वेळा थांबली. चौथ्यांदा समोर दुकानच नव्हतं, नुसती भिंत होती.

१२ मार्च

रुग्णालयात गेलो. ताईच्या उजव्या पायाच्या वाहिन्यांचं चित्र काढलं. सर्जन तरुण आहे, हळू बोलतो. त्याने चित्र उजेडावर धरलं. नळी वरून येते, मांडीच्या खाली संपते आणि गुडघ्याशी पुन्हा सुरू होते. मधलं वाक्य कुणी खोडून टाकलं आहे. मी रोज याच गोष्टीच्या नोंदी करतो आणि महिनाभर तिला बाजाराची हौस म्हणून हसत होतो.

सर्जन म्हणाला, "बंद भागाला वळसा घालून दुसरी नळी जोडू. लवकर केलं तर पाय चांगला राहील. हृदयाच्या वाहिन्याही फार वेगळ्या नसणार, पण आज त्यांना शस्त्रक्रिया झेपेल. उशीर झाला तर मला पायाचंही सांगता येणार नाही आणि हृदयाचंही. एप्रिलच्या दहा तारखेला करू या?"

 घराशी रिक्षातून उतरताना ताई म्हणाली, "तुझ्या सशांचा निकाल कधी?"

"जूनमध्ये."

"मग जूनमध्ये बघू. तोवर त्या पोराला थांबायला सांग."

सशाला लागू पडलेलं औषध माणसाच्या हातात पडायला दहा वर्षं लागतात, पडलंच तर. हे मला माहीत आहे. सांगणारही होतो. पण ती हसत होती, आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदाच.

२० मार्च

आजपासून औषध. दोन मोठे डबे आले, एकावर क, एकावर ख. औषध कशात आहे ते लिफाफ्यात, लिफाफा बाईंच्या कपाटात, किल्ली बाईंच्या पर्समध्ये. आपल्याला माहीत असलं की डोळे पक्षपाती होतात, असं बाई म्हणतात. डबा क एक ते वीसला, डबा ख एकवीस ते चाळीसला. तसं कार्ड मामांसाठी लिहायला सांगितलं.

एक ते वीस, एकवीस ते चाळीस: हे म्हणजे किराण्याची यादी. मी लिहिलं, "डबा क: सव्य ओळ. डबा ख: अपसव्य ओळ." सव्य म्हणजे डावा. कोश काढून खात्री केली. एवढी वर्षं शिकलेलं कधीतरी कामाला यायला हवं. मामा अर्थ विचारतील म्हणून छोटंसं व्याख्यानही तयार ठेवलं होतं. त्यांनी कार्ड वाचलं, मान डोलावली आणि खिळ्याला अडकवलं.

"कळलं ना?"

"न कळायला काय झालं? सव्य, अपसव्य. शाळेत गेलोय मी, शास्त्रीबुवा."

व्याख्यान वाया गेलं.

३ एप्रिल

डाव्या ओळीतले ससे टवटवीत दिसतात. कान ताठ, डोळे स्वच्छ. उजवीकडचे मलूल. बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "शास्त्री, कानांवरून धमनी दिसत नाही." नाही दिसत. पण ताईला सांगितलं तेव्हा तिने भाजी चिरायची सोडून ऐकलं. कोणता ससा किती खातो, आव्या काय म्हणतो, सगळं विचारलं. उद्या आणखी सांग म्हणाली.

मामांनी शब्द उचलला याचा मला फार आनंद आहे. आज म्हणाले, "तुमची सव्य मंडळी बघा, खिडकीच्या उन्हात कशी पाय ताणून पडलीत." वार्तापत्रात घेतलं हे वाक्य. भाषा अशी झिरपते.

१० एप्रिल

आजची शस्त्रक्रियेची तारीख ताईने जाऊ दिली. सर्जनने फोनवर मला विचारलं, "का?" मी म्हणालो, "तिची इच्छा." खरं आहे ते. तिची इच्छा कशी तयार झाली, ते त्याने विचारलं नाही.

२९ एप्रिल

ताईने स्वयंपाकघराची प्रयोगशाळा केली आहे. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी: साखर, मीठ, तांदूळ. "मीठ" खाली दोन रेघा. म्हटलं, "त्रेसष्ट वर्षांत तुझी कधी चूक झाली नाही, आता चिठ्ठ्या कशाला?"

"माझी नाही झाली," ती म्हणाली.

मग मला भात शिकवायला घेतलं. पाणी किती, बोटाच्या कुठल्या पेरापर्यंत, आच कधी कमी. स्वतः स्टुलावर बसून काठीने सूचना देते. मी म्हटलं की बावन्नाव्या वर्षी माझी मुंज चालली आहे. पहिला भात खळ झाला. दुसरा कच्चा, दाताखाली वाजत होता. तिने दोन्ही खाल्ले आणि दोन्हींना गुण दिले, दहापैकी तीन आणि अडीच. जुनी मास्तरीण आहे, अर्धा गुण सोडत नाही.

१६ मे

ताईच्या उजव्या अंगठ्याला जखम झाली आहे. चप्पल चावली म्हणते. गेला महिनाभर ती घराबाहेर पडलेली नाही. चिवट चप्पल असावी. मलम आणून दिलं. हल्ली ती खुर्चीत बसूनच झोपते, पाय खाली सोडून. पाठीला बरं वाटतं म्हणे. सकाळी उठवायला गेलो तर जागीच होती. म्हणाली, "बटण लावायला शिकवते आज. सुई ओवता येते का तुला?"

मी म्हणालो, "एका माणसाला एका महिन्यात किती विद्या पेलतील?"

"पेलाव्या लागतील," म्हणाली.

तिचा उत्साह बघून मला बरं वाटतं. सशांच्या बातम्यांनी तिला उभारी आली आहे असं माझं मत आहे.

२ जून

बाईंना धीर करून विचारलं. औषध चाललं तर माणसांवर कधी?

"लवकर."

"लवकर म्हणजे?"

"लवकर म्हणजे लवकर, शास्त्री. आधी सुरक्षिततेच्या चाचण्या, मग परवानगी, मग थोडे लोक."

"थोड्या लोकांत नाव घालता येतं?"

बाईंनी चष्मा काढला. "कुणाचं?"

मी सांगितलं.  चष्मा पुसत त्या म्हणाल्या, "तुमच्या ताईंना सर्जन काय सांगतो ते ऐकायला सांगा." मी हो म्हणालो. घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात त्यातलं फक्त "लवकर" उरलं होतं.

१२ आणि १३ जून

दोन दिवस गेले. सुई टोचायची, ससा मामांच्या हातात झोपी जातो, मग उठत नाही. मामा प्रत्येकाला मांडीवर घेऊन बसले, डाव्या ओळीच्या विसांना आणि उजव्या ओळीच्या विसांना, कुणाचीही घाई केली नाही. आव्याच्या वेळी मी नळाशी जाऊन हात धुतले. ते स्वच्छच होते.

धमनी उभी कापून सपाट पसरतात, ओल्या कापडाच्या पट्टीसारखी. मग रंग. जिथे चरबी बसली आहे तिथे तांबडा चढतो, बाकी पांढरं राहतं. डाव्या ओळीच्या पट्ट्यांवर शिंतोडे होते. उजव्या ओळीच्या पट्ट्या जवळजवळ सगळ्या तांबड्या. मोजायचीही गरज नव्हती, तरी बाईंनी दोन दिवस मोजलं.

१९ जून

लिफाफा उघडला. क म्हणजे औषध.

डावी ओळ, क, औषध, पांढऱ्या पट्ट्या. बाई खुर्चीत बसल्या, मग उठल्या, मग पुन्हा बसल्या. वीस वर्षं त्या या कामात आहेत आणि असं त्यांना फारसं बघायला मिळालेलं नसावं. म्हणाल्या, "अहवाल तयार करा. पुढच्या महिन्यात पाठवू."

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आलो. ताईला सांगितलं. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "तुझं कार्ड उपयोगाला आलं तर." मी तिला कार्डाचं सगळं सांगितलं होतं, फक्त मजकूर सांगायचा राहिला होता.

सर्जनने पुन्हा तारीख दिली होती, बावीस जून. मी म्हटलं, "आणखी थोडं थांबायचं का? बाई लवकर म्हणाल्यात."

तिने विचारलं, "तुला काय वाटतं?"

"थांबू या."

"थांबू या मग," ती म्हणाली.

फोन मी केला. तारीख पुढे ढकला म्हणालो. परिचारिकेने विचारलं, किती पुढे. मी म्हणालो, कळवतो.

२४ जून



आज प्राणीगृहात पिंजरे धुवायचं काम होतं. मामा उजव्या ओळीचे पिंजरे धूत होते, मी डब्यांत उरलेलं खाद्य मोजत होतो. म्हटलं, "क मधलं अगदीच थोडं उरलंय."

"उरेल कुठून?" मामा म्हणाले. "ते तेहतीस नंबरचं एकटं दोघांचं खायचं."

"तेहतीसला ख, मामा. क डाव्या ओळीला."

"डाव्या कशी? कार्डावर सव्य लिहिलंय."

"सव्य म्हणजे डावी."

मामांनी नळ बंद केला. हात पुसले, खिळ्यावरचं कार्ड काढून आणलं, माझ्यासमोर धरलं. "शास्त्रीबुवा, सव्य म्हणजे उजवा. सरळ तो सव्य, उलटा तो अपसव्य. कुणालाही विचारा."

मी कुणालाही विचारलं. दारावरचा पहारेकरी म्हणाला, उजवा. हिशेबनीस म्हणाले, उजवा. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो तो. कोश बघितला, नवा. सव्य: डावा; उजवाही. दोन्ही, एकाच ओळीत, अर्धविरामाने वेगळे केलेले. मार्चमध्ये मी घरचा जुना संस्कृत कोश बघितला होता आणि त्यात पहिला अर्थ वाचून मिटला होता.

म्हणजे औषध उजव्या ओळीने खाल्लं. तांबड्या पट्ट्या औषधाच्या आहेत. त्या औषधाने गाळ काढला नाही, वाढवला.

मामा म्हणाले, "माझं चुकलं का?"

"नाही," मी म्हणालो. "तुमचं एवढंही चुकलं नाही."

बाई दौऱ्यावर आहेत, उद्या येतील. अहवाल माझ्या टेबलावर आहे. मामा आपणहून बोलणार नाहीत, हे मला दिसलं. मी बोललो नाही तर कुणाला कळणार नाही, आणि ते औषध थोड्या लोकांना, लवकर, देतील. हे एवढं स्पष्ट आहे, तरी मी दिवसभर खुर्चीत बसून राहिलो. ताईला काय सांगायचं, एवढंच डोक्यात होतं. लाजिरवाणं आहे, पण शेरा खरा लिहायचा असतो.

२५ जून

बाईंना सांगितलं. त्यांनी कार्ड मागितलं, वाचलं, आणि म्हणाल्या, "सव्य म्हणजे उजवा ना?"

"तुम्हीसुद्धा?"

"मी तुम्हाला आकडे लिहायला सांगितलं होतं."

"हो."

"का नाही लिहिलेत?"

मी म्हणालो, "छान दिसत नव्हते."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी अहवाल घेतला, मधोमध फाडला आणि फोन उचलला. कुणाला तरी म्हणाल्या की औषधाचं पुढचं काम थांबवा. फोन ठेवून म्हणाल्या, "तुम्ही आज सांगितलंत ते मी लक्षात ठेवीन. आता घरी जा. ताईंची तारीख घ्या."

घरी आलो तर ताई खुर्चीत होती. पायावर चादर होती. ती बाजूला केली. अंगठा काळा पडला होता.

"कधीपासून?"

"झाले चार-पाच दिवस. तू खुशीत होतास."

रुग्णालयात नेलं. ठेवून घेतलं.

२६ जून

सर्जनने मला काही ऐकवलं नाही. पाय वाचवायचा प्रयत्न करू, हृदयाची खात्री देत नाही, परवा शस्त्रक्रिया, एवढंच बोलला. कागदावर माझी सही घेतली.

ताईला सगळं सांगितलं. डावी ओळ, उजवी ओळ, कार्ड, कोश. ती उशीला टेकून ऐकत होती. मध्ये एकदा डोळे मिटले, मला वाटलं झोपली. मग तिचे खांदे हलायला लागले. हसत होती.

"अरे गाढवा, सव्य म्हणजे उजवा. चौथीत मीच शिकवलं होतं तुला."

"संस्कृतात डावा."

"बघ म्हणजे. आमच्या शाळेतून गेलास आणि बिघडलास."

शेजारच्या खाटेवरची बाईही हसायला लागली, कशाला ते न कळता. मी हसू शकलो नाही. म्हटलं, "ताई, तू तीन महिने त्या औषधासाठी थांबलीस. ते औषधच नव्हतं. आणि असतं तरी तुला मिळालं नसतं, मला मार्चपासून माहीत होतं."

"मलाही माहीत होतं," ती म्हणाली. "एवढी वर्षं पेपर वाचते मी. आणि तुझे सशांचे लेख कोण तपासतं?"

"मग कशासाठी थांबलीस?"

तिने माझ्या शर्टाकडे बघितलं. दुसरं बटण मी लावलेलं, उलट्या दोऱ्याचं. "त्या पोराने पहिल्याच दिवशी मला एकटीला आत बोलावून सांगितलं होतं, टेबलावरून उठले तर उठले. म्हटलं, आधी याला भात तरी येऊ दे."

मी म्हणालो, "अजून येत नाही."

"माहितेय," म्हणाली. "साडेपाच दिले होते मागच्या वेळी, ते सुद्धा लाडाने."

मग परिचारिका औषध घेऊन आली, आणि आम्ही दोघं तिच्याशी हवापाण्याचं बोललो.

२८ जून

शस्त्रक्रिया पाच तास. नळी जोडली. सर्जन म्हणाला, पाय गरम आहे. मी हात लावून बघितला. गरम होता.

१ जुलै

सकाळी सव्वानऊला गेली. हृदय.

पाय शेवटपर्यंत गरम होता.

५ जुलै

सर्जनला भेटलो, कागद घ्यायला. विचारायचं नव्हतं, विचारलं. "एप्रिलमध्ये केलं असतं तर?"

त्याने टेबलावरचं पेन उचलून परत ठेवलं. "कदाचित बरं झालं असतं. कदाचित त्या दिवशीच टेबलावर गेल्या असत्या. माणूस एकच असतो काका, दोन्ही करून बघता येत नाही."

त्याला वाटलं हे ऐकून मला बरं वाटेल. दार उघडून दिलं त्याने.

९ जुलै

मामा आले होते. बसले. मी भात केला. त्यांनी खाल्ला आणि बरा म्हणाले. मामा खोटं बोलत नाहीत, पण पाहुणे म्हणून आले होते, तेव्हा ते जमेस धरता येत नाही.

जाताना म्हणाले, "तुमच्या ताई एकदा प्राणीगृहात आल्या होत्या."

"कधी?"

"एप्रिलात. तुम्ही वरच्या मजल्यावर होता. रिक्षातून आल्या, धरून धरून चालत होत्या. आव्या कुठला ते विचारलं. बराच वेळ बघत बसल्या त्याच्याकडे. मला म्हणाल्या, आमच्याकडे रोज याच्या गप्पा असतात."

मला माहीत नव्हतं.

१८ जुलै

बाईंनी नवा अहवाल मागितला, चूक कशी झाली त्याचा. सोप्या भाषेत, चार ओळींत. मी लिहिलं: "एक ते वीस क्रमांकाच्या सशांना द्यायचं खाद्य एकवीस ते चाळीसला गेलं. सूचनेत दुहेरी अर्थाचा शब्द वापरला होता. तो मी वापरला." बाईंनी वाचून सही केली. म्हणाल्या, "पुरेसं आहे."

घरी येऊन दुसऱ्या गोष्टीचं एक वाक्य करायला बसलो. दुपारी बसलो, आता ऊन भिंतीवरून उतरलं.

"ताई थांबली." हा कर्तरी प्रयोग. क्रियापद तिच्या मागोमाग चालतं, तिचं लिंग घेतं, तिचं वचन घेतं. सगळी करणी तिची, मी वाक्यात कुठेच नाही. तिला हेच आवडलं असतं. मला परवडत नाही.

कर्मणी होत नाही, धातू अकर्मक आहे.

"मी ताईला थांबवलं." वाक्यात मी आलो, तीही आली. पण हा भावे प्रयोग. क्रियापद ना माझ्याकडे वळतं ना तिच्याकडे, नपुंसकलिंगी एकवचनात एकटंच उभं राहतं. फोन मी केला होता, माझ्या तोंडाने, आणि क्रियापदावर माझी काही खूण नाही.

वर्गात हे शिकवत होते तेव्हा मी विचारलं होतं, असला प्रयोग भाषेला लागतोच कशाला. गुरुजी काय म्हणाले ते आठवत नाही. ताईला आठवलं असतं, मी घरी येऊन सगळं तिला सांगायचो.